पखवाज आणि सिंथसोबत पहिल्यांदा लाइव्ह व्हिज्युअल्स करायचेत, कुठून सुरू करू?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू कळव्याला राहतोस, लग्नाचे व्हिडिओ आणि रील्स एडिट करतोस, एक मित्र सिंथ (सिंथेसायझर) वाजवतो, दुसरा पखवाज, दोघांना नवी मुंबईत एका ओपन एअर कार्यक्रमात अर्ध्या तासाचा सेट मिळालाय आणि मागची एलईडी वॉल, म्हणजे बारीक दिव्यांचा मोठा पडदा, तुझ्या ताब्यात देणारेत, ते वाजवतील तेव्हा त्यावरची चित्रं तू चालवायची. तर दोन लाखांचा लॅपटॉप घ्यावा का, चित्रं चालवायच्या सॉफ्टवेअरपैकी रेझोल्यूम शिकू की टचडिझायनर, आणि शेवटी तू विचारलंस की "ताई, हे स्क्रीनसेव्हर वाटू नये म्हणून काय करू". मी ह्या शेवटच्यापासूनच सुरू करते, कारण लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरची उत्तरं त्यातूनच निघतात.

स्क्रीनसेव्हर कधी वाटतो, तर पडद्यावरचं स्टेजवरच्याला ऐकत नसतं तेव्हा. चित्र कितीही भारी असू दे, ते वाजवणाऱ्याशिवायही तसंच चाललं असतं हे बघणाऱ्याला पाच मिनिटांत कळतं आणि मग तो मोबाईल काढतो. म्हणून मी शिकवताना पहिल्या दिवशी एकच सांगते, तू साथीला बसलायस. तुझ्या हातात वाद्य आहे, त्यातून आवाजाच्या ऐवजी उजेड येतो एवढाच फरक, बाकी साथीचे सगळे नियम लागू. धृपदाची मैफल ऐकली असशील तर बघ, आलाप अर्धा तास चालतो, कधी जास्तही, आणि पखवाजवाला समोर वाद्य घेऊन नुसता बसलेला असतो, बंदिश सुरू झाल्यावर त्याची पहिली थाप पडते आणि तेव्हा अंगावर काटा येतो. त्या थापेची ताकद आधीच्या थांबण्यातून आलेली असते. तुझ्या वॉलवर पहिली तीन-चार मिनिटं काळोख ठेवायची हिंमत कर. मित्राचा सिंथ नुसता ड्रोन, म्हणजे तंबोऱ्यासारखा एकच सूर, धरून असेल तोवर वॉल पूर्ण बंद, लोक त्या दोघांकडे बघतील, त्यांचे कान उघडतील, आणि मग तुझं पहिलं चित्र येईल ते लोक खरंच बघतील. आयोजक विचारतील वॉलचं भाडं भरलंय ती बंद का, त्यांना आधीच सांगून ठेव.

आणि हे सगळं आपल्याकडे बाहेरून आलंय असं समजू नकोस, कारण ही गोष्ट तुझ्या घरापासून लोकलने जेमतेम अर्ध्या तासावर घडलीये. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले, काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागून कंदिलाचा उजेड, समोर पडदा, आणि बाजूला जिवंत निवेदन आणि संगीत. दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट आला १९१३ ला, म्हणजे त्याच्या २१ वर्षं आधी ठाणे जिल्ह्यात लोक अंधारात बसून गाण्याबरोबर हलणारा उजेड बघत होते. पट्टी सरकवणाऱ्याला निवेदनाकडे कान ठेवूनच सरकवावी लागत असणार, दुसरा उपायच नाही. तू जे करणारेस ते हेच काम आहे. तसंच कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी, एकेक चित्र समोर धरून गात-वाजवत गोष्ट सांगतात, त्यातल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्यांचं सादरीकरण कुठे बघायला मिळालं तर चित्र बदलायच्या आधी ते किती वेळ थांबतात ते बघ, मला स्वतःला क्लिप कधी बदलायची हे त्यातून जास्त कळलंय.

बाहेरचं एकच उदाहरण देते कारण ते तुझ्या कामाचं आहे. स्टाइना वासुल्का ही आइसलंडची, शिकलेली व्हायोलिन, पुढे न्यूयॉर्कला जाऊन नवऱ्याबरोबर १९७१ ला 'द किचन' ही जागा सुरू केली, आणि तिने व्हायोलिनचा आवाज सरळ व्हिडिओच्या सिग्नलमध्ये घुसवला, म्हणजे गज फिरला की चित्र वाकतं. तेव्हा ना लॅपटॉप होता ना प्लगिन. आपल्या मुंबईत अकबर पदमसींनी १९६९ ला व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं तेही ह्याच काळात, चित्रकारांच्या हाती कॅमेरा द्यायचा म्हणून, नलिनी मलानींनी सुरुवातीचे फिल्मचे प्रयोग तिथेच केले. व्हिडिओ आर्ट आणि तू करणारेस ते लाइव्ह काम ह्यात फरक आहेच, गॅलरीतला लूप आपलं आपलं चालतो आणि बघणारा येतो-जातो, तुझ्याकडे लोक एका वेळी बसलेत आणि वेळ मित्रांच्या हातात आहे. पण डोळा तिथूनच तयार होतो, त्यामुळे मुंबईत असं काही लागलं की जाऊन बघत जा.

आता तालाकडे येऊ, कारण इथेच एडिटिंग करणारे सगळ्यात जास्त अडकतात. रेझोल्यूम काय किंवा दुसरं कुठलंही व्हीजे (लाइव्ह चित्रं चालवायचं) सॉफ्टवेअर काय, त्यांचा हिशोब चार ठोक्यांचा आहे, क्लब म्युझिकसाठी बनलेलं असल्यामुळे क्लिप ८ बीट, १६ बीट अशा धरतात. तुझा पखवाजवाला चौताल वाजवणार असेल तर त्यात १२ मात्रा, मग १६ बीटची क्लिप आणि समेची (आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका फेरीच्या, पहिल्या मात्रेची) गाठ चार आवर्तनांनी एकदा पडणार. झपतालाच्या १० मात्रा घेतल्या तर १६ च्या क्लिपची सम आठ आवर्तनांनंतर जुळते, तोवर चित्र कुठेतरी वेगळंच चाललेलं आणि बघणाऱ्याला कळत नाही पण काहीतरी खटकत राहतं. उपाय सोपा आहे, क्लिपला बीपीएम (मिनिटाला किती ठोके) सिंक लाव आणि बीटच्या रकान्यात १२ किंवा १० टाक, क्लिप बनवतानाच आवर्तन धरून बनव. ६० च्या लयीत चौतालाचं आवर्तन १२ सेकंदांचं, ८० च्या लयीत ९ सेकंदांचं, २५ फ्रेमच्या हिशोबाने २२५ फ्रेम, हे तुला एडिटिंगच्या टाइमलाइनवर सहज बसवता येईल. सगळ्यात आधी त्याला विचारून घे कुठला ताल घेणार, धमार असेल तर १४ मात्रा, म्हणजे क्लिपा सगळ्या वेगळ्या.

पण खरा पेच पुढेच आहे, की लय वाढते. सिंथवाला एबलटन ह्या संगीताच्या सॉफ्टवेअरवर असेल तर एबलटन लिंकने त्याचं आणि तुझं घड्याळ एक होईल, रेझोल्यूमला ते जमतं, एक छोटा राऊटर मध्ये ठेवला की झालं. पखवाजवाला मात्र त्या घड्याळाला बांधून घेणार असेल तरच त्याचा उपयोग, आणि चांगला वाजवणारा असेल तर तो रेला (वेगाने सलग वाजणारे बोल) घेताना चढणारच आणि चढायलाच पाहिजे. अशा वेळी टॅप टेम्पो (बटणावर ठोके देऊन लय पकडणं) मारत बसू नकोस. आपोआप चालणारं सगळं सोडून दे आणि समेवर हाताने ट्रिगर मार, मध्ये चित्राला मोकळं वाहू दे. एवढ्यासाठी तुला हाताने टाळी देऊन आवर्तन मोजता आलं पाहिजे, म्हणून आजपासून रोज त्याच्या रियाजाला जाऊन बस, लॅपटॉप न घेता, नुसती टाळी-खाली धर. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कशी उभी राहते ते कानात बसलं की ती संपायच्या आधीच तुझा अंगठा तयार असतो. तिहाईच्या शेवटच्या 'धा'वर चित्र बदललं की लोक आपसूक "वाह" म्हणतात, आणि ती दाद निम्मी तुझ्या मित्राची असते हे लक्षात ठेव, प्रत्येक तिहाईला हे करायला गेलास तर चौथ्या वेळी कोणी बघणार नाही, आख्ख्या सेटमध्ये दोनदा पुरे.

ऑडिओ रिअॅक्टिव्हबद्दल तू विचारलंयस की आवाजावर सगळं आपोआप हलवता येतं ना. येतं, आणि तिथेच स्क्रीनसेव्हर जन्माला येतो. आवाज मोठा झाला की गोल मोठा, हे मेंदूला दहा सेकंदांत कळतं आणि मग त्यात बघण्यासारखं राहत नाही. मी वापरते पण एकाच गोष्टीला जोडते, उदाहरणार्थ पखवाजच्या डाव्या अंगाचा, म्हणजे कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा घ्यायचा आणि त्याने फक्त चित्राचा काळोख किंचित उघडायचा, आकार नाही रंग नाही बाकी काही नाही. त्यासाठी लॅपटॉपचा माईक कधीच वापरू नकोस, तो लोकांच्या गप्पा आणि पीएचा (मोठ्या स्पीकरचा) आवाज सगळंच उचलतो. साऊंडवाल्याकडून पखवाजच्या डाव्या माईकचा वेगळा ऑक्स (मिक्सरमधून निघणारी वेगळी लाइन) माग, मध्ये डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाक म्हणजे हम (विजेची गुणगुण) येणार नाही, आणि हम आला म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायचा जो उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो तो कोणी सुचवला तरी करू देऊ नकोस, ओपन एअरला ओल्या जमिनीवर माणूस जाऊ शकतो. सॉफ्टवेअरमध्ये रिलीज हळू ठेव, ठोका पटकन चढेल आणि सावकाश उतरेल, नाहीतर चित्र थरथरत राहतं.

चित्रं कुठून आणायची ह्यावर मी जरा हट्टी आहे. निऑनचे बोगदे, फिरणारी मंडलं, स्टॉकमधला थ्रीडी शंकर, हे सगळं इंटरनेटवर ढिगाने आहे आणि प्रत्येक ऑर्केस्ट्राच्या मागे चालतं, पखवाज म्हटला की लोक लगेच शंकर लावतात. तुझ्याकडे कॅमेरा आहे, फोकस कळतो, लग्नातल्या गर्दीत पळता पळता शॉट घेतोस, मग स्वतःचं शूट कर ना. तू कळव्याला राहतोस, ओहोटीला खाडीच्या चिखलात निवटे मासे उड्या मारतात ते कधी मॅक्रोने शूट केलंयस का, त्या चिखलाची चकाकी स्लो करून एलईडीवर टाक, कोणाला कळणार नाही काय आहे पण नजर हटणार नाही. थंडीत फ्लेमिंगो येतात, ठाणे खाडीला २०१५ ला अभयारण्य आणि २०२२ ला रामसरचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला, पण नुसता गुलाबी थवा टाकलास तर ते पर्यटनाची जाहिरात वाटेल, त्यांचे पाय पाण्यात एका लयीत हलतात ते घे. ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसीत ओळखीचं वर्कशॉप असेल तर पॉवर प्रेस, लेथ, कन्व्हेयर ह्यांचे क्लोजअप मालकाला विचारून घे, द्रुत लयीत रेला चालू असताना त्या यंत्राच्या ठेक्याइतकं चपखल काही बसत नाही. घोडबंदर रोडवर रात्री ट्रकांचे हेडलाइट आऊट ऑफ फोकस, मेट्रोच्या कामाच्या वेल्डिंगच्या ठिणग्या. उडवायचा कॅमेऱ्याचा ड्रोन मात्र नको, एअरपोर्टच्या आजूबाजूचा भाग रेड झोन असतो आणि परवानगीशिवाय उडवणं महागात पडेल.

शूट करताना २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर १/५० ठेव, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली नाहीतर पट्टे येतात. आणि लॅपटॉपचं आऊटपुटही चालत असेल तर ५० हर्ट्झवर कर, ६० वर २५ फ्रेमची क्लिप सारखी अडखळते, पॅन शॉटमध्ये लगेच दिसतं.

शूटला वेळ नसेल तर घरातल्या घरात दोन गोष्टी करून बघ. १९६८ ला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट ह्या थिएटरमध्ये जोशुआ लाइट शोवाले काचेच्या ताटल्यांत तेल आणि रंगीत पाणी घालून खालून उजेड टाकायचे आणि बँडच्या ठेक्यावर ताटली हलवायचे, तेच तू काचेच्या बशीत खोबरेल तेल, कुंकवाचं पाणी, खाली टॉर्च, वर मोबाईल असं करू शकतोस, खर्च काही नाही. ह्यात मोठी गंमत अशी की बोटांनी ताटली हलवताना तुला लय आपोआप हातात येते, नॉब फिरवून ती तशी येत नाही. दुसरं, कॅमेरा टीव्हीला जोड आणि त्याच टीव्हीवर रोख, किंचित तिरका धरून झूम कर, चित्रातलं चित्र फिरायला लागेल, ह्याला फीडबॅक म्हणतात आणि तासभर बसलास तर ढग, पाकळ्या, भोवरे काय काय निघतं. दोन्ही रेकॉर्ड करून ठेव, तुझ्या क्लिपा झाल्या. जुन्या सिनेमाचे तुकडे वापरायचा मोह होईल, तर आपल्या कायद्यात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, त्याच्या आतलं काही परवानगीशिवाय घेऊ नकोस, तिकीट लावलेला कार्यक्रम असेल तर मुळीच नको.

आता लॅपटॉप. आधी वॉल केवढी ते विचार. भाड्याने मिळणाऱ्या वॉलमध्ये पी ३.९१ (दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर) बऱ्याच ठिकाणी असते, अर्ध्या मीटरच्या एका चौकोनी कॅबिनेटमध्ये १२८ गुणिले १२८ पिक्सेल. समज ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच वॉल असली, तर झाले १०२४ गुणिले ६४० पिक्सेल. बस, एवढंच. फोरकेचा काही संबंध नाही, तुझ्या फोनच्या स्क्रीनमध्ये त्याहून जास्त पिक्सेल आहेत. त्यामुळे कंटेंट त्याच मापाचा बनव आणि बारीक रेषा, छोटी अक्षरं, महीन टेक्स्चर टाळ, ते वॉलवर नुसतं चमचमतं. ऑपरेटरला विचार की सिग्नल स्केल करतोस की पिक्सेल टू पिक्सेल घेतोस, त्यावर तुझं कॉम्पोझिशन ठरेल, आणि हे शोच्या दिवशी नाही तर आठवडाभर आधी फोनवर विचार.

लग्नाचे व्हिडिओ तू ज्या लॅपटॉपवर एडिट करतोस त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असणारच, तो पुरेसा आहे. अडतं ते कोडेकपाशी, म्हणजे व्हिडिओ फाइल ज्या पद्धतीने दाबून ठेवलेली असते तिथे. कॅमेऱ्यातून येणारी एच.२६४ ची फाइल लाइव्हला चालवायची नाही, तिच्यात बहुतेक फ्रेम आधीच्या-पुढच्या फ्रेमवर अवलंबून असतात, त्यामुळे उलटी चालवली किंवा मध्येच उडी मारली की प्रोसेसर धापा टाकतो. सगळं हॅप किंवा रेझोल्यूमच्या डीएक्सव्हीमध्ये बदलून घे, डीएक्सव्हीसाठी रेझोल्यूमचंच अॅली नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ह्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि उलगडायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. फाइल मोठ्या होतात, फुल एचडी साध्या हॅपला सेकंदाला साधारण २६ एमबीपर्यंत जागा लागते, पण तुझ्या १०२४ गुणिले ६४० ला ८ एमबीच, म्हणजे चार लेयर एकदम चालवलेस तरी ३२, साधी एसएसडीसुद्धा ह्याच्या दहापट वेगाने वाचते. म्हणून दोन लाख घालवू नकोस. त्यातले थोडे पैसे एका मिडी कंट्रोलरला (सॉफ्टवेअर हाताने चालवायच्या नॉब-बटणांच्या पेटीला) घाल, कॉर्गचा नॅनोकंट्रोल असला तरी चालेल, ८ फेडर ८ नॉब. माउसने साथ होत नाही. आणि आठही नॉब जोडू नकोस, मी सांगेन तीन ठेव: काळोख, वेग, आणि दोन चित्रांमधली सरमिसळ. ह्या तीनवर हात बसू दे, बाकी पुढच्या वर्षी.

रेझोल्यूम की टचडिझायनर, तर ह्या शोसाठी रेझोल्यूम. तुला क्लिप आणि लेयर कळतात, आठवड्यात हात बसेल. डेमोवर सराव कर, वॉटरमार्क येतो पण शिकायला काही अडत नाही, शोला लायसन्स घे, अॅव्हेन्यू पुरेल, अरेना मॅपिंग (वेगवेगळ्या आकारांवर चित्र बसवणं) आणि एकापेक्षा जास्त प्रोजेक्टर जोडायचे असतील तर लागतं. टचडिझायनर फार सुंदर आहे, मी स्वतः आता बरंचसं त्यातच करते, पण ते सॉफ्टवेअर आधी बनवायला लागतं आणि मग वाजवता येतं, आणि फुकट आवृत्तीत १२८० गुणिले १२८० ची मर्यादा शिवाय पैसे घेऊन केलेल्या कामाला ती चालत नाही. तोवर रात्री वेळ मिळेल तेव्हा हायड्रा उघडून बघ, ऑलिव्हिया जॅकने बनवलेलं, ब्राउझरमध्येच चालतं, पूर्ण फुकट, दोन ओळी टाइप केल्या की चित्र हलायला लागतं. त्यातून ऑसिलेटर, नॉइज, फीडबॅक ही मूळ अक्षरं कळतात आणि पुढे टचडिझायनर सोपं जातं.

लाइव्ह कॅमेरा लावून पखवाजवाल्याचे हात वॉलवर दाखवू का असं तू लिहिलंयस. कल्पना चांगली आहे पण उशिराचा हिशोब आधी समजून घे. कॅमेरा, कॅप्चर कार्ड, सॉफ्टवेअर, वॉलचा प्रोसेसर, प्रत्येक जण एक-दोन फ्रेम खातो आणि २५ च्या हिशोबाने एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, मिळून सहज १०० च्या वर जातं. खरा हात खाली पडलेला दिसतो आणि वॉलवरचा मागून पडतो, तालवाद्यात हे भयंकर खुपतं. आवाजसुद्धा मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो, त्यामुळे वीस मीटर मागे बसलेल्याला आवाजही ५८ मिलिसेकंद उशिरा जातो आणि त्याला कमी खुपेल, पुढच्या रांगेला जास्त. ह्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मी काय करते, उशीर मुद्दाम वाढवते, अख्खी एक मात्रा. ६० च्या लयीत एक सेकंद. मग वॉलवरचे हात खऱ्या हातांना उत्तर दिल्यासारखे दिसतात आणि वाजवणाऱ्यालाही त्याच्याशी खेळता येतं, एखादा समजदार असला तर तो जागा सोडून स्वतःच्याच प्रतिमेची वाट बघतो. लय वाढली की डिले कमी करत जायचा, त्याला मात्र तालमी लागतात.

उजेडाबद्दल दोन गोष्टी. एलईडी वॉल दिवसा उजेडात दिसावी म्हणून बनवलेली असते, रात्री ती पूर्ण ब्राइटनेसवर असली तर समोरचे दोघे नुसत्या काळ्या सावल्या होतात. ऑपरेटरला सांगून ब्राइटनेस २०-३० टक्क्यांवर आणायला लाव आणि तू स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बघ वाजवणाऱ्यांचे चेहरे दिसतात का. लाइटवाल्याशी बोलून दोघांवर बाजूने एकेक कोमट रंगाचा दिवा घे. हे आयत्या वेळी प्रोजेक्टरवर आलं तर सगळं बदलतं, ओपन एअरला पूर्ण अंधार पडल्याशिवाय काही दिसणार नाही, आणि ३५०० लुमेन्सचा प्रोजेक्टर आठ मीटर रुंद पडद्यावर पसरला तर चौरस मीटरला शंभर लुमेन्सही पडत नाहीत, स्टेजचा एक पार लाइट ते धुऊन टाकेल. पडदा छोटा माग.

आणि फ्लॅश. ह्यावर मी कडक आहे आणि तूही राहा. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड सेकंदाला बारा वेळा लुकलुकला आणि साडेसहाशेपेक्षा जास्त मुलांना हॉस्पिटलात न्यायला लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त फ्लॅश नकोत, लाल तर मुळीच नको, इतक्या मोठ्या वॉलवर तर नकोच. ओपन एअरला लहान मुलं, म्हातारी माणसं सगळी असतात, दार बंद करून बोर्ड लावायची सोय नसते. सिंथवाला जोशात येऊन म्हणेल स्ट्रोब मार, नाही म्हण. आयोजकांनी लेझर लावले असतील तर तुझा कॅमेरा त्यांच्या वाटेत ठेवू नकोस, सेन्सर जळतो.

बाकी सामान पटकन सांगते. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलवर दहा मीटरच्या पुढे भरवसा नाही, कन्सोल वॉलपासून लांब असेल तर फायबर एचडीएमआय किंवा एसडीआय (लांब अंतराची व्हिडिओ केबल), फायबरला दोन टोकं वेगळी असतात, उलटी घातली तर चित्र येत नाही आणि ती एकदा ट्रसमधून (स्टेजच्या धातूच्या सांगाड्यातून) ओढली की परत काढणं म्हणजे अर्धा तास. केबल, अॅडॉप्टर, इडीआयडी एम्युलेटर (लॅपटॉपला स्क्रीन जोडलेलीच आहे असं भासवणारा डबा) मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, प्रत्येकी दोन घे. एम्युलेटर का, तर मध्येच स्विचर बदलला की लॅपटॉपला वाटतं स्क्रीन गेली आणि रिझोल्यूशन बदलून टाकतो. चार्जर लावलेलाच ठेव, बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड मंद होतं. नोटिफिकेशन, अपडेट, स्लीप, नाइट लाइट सगळं बंद, डेस्कटॉपवरचं व्हॉट्सअॅप लॉगआऊट. जनरेटर असेल तर छोटा यूपीएस. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाचा लॅपटॉप तीच फाइल उघडून बाजूला तयार ठेव. खाडीकाठी थंडीत रात्री दव पडतं, तू महिना लिहिला नाहीस, पण लॅपटॉपवर टाकायला एक टॉवेल असू दे.

टेकची, म्हणजे तांत्रिक चाचणीची, वेळ लेखी घे. उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद करायलाच लागतो, आणि उशीर झाला की पहिली कात्री व्हिज्युअल्सच्या चाचणीला लागते, साऊंडचेक तेवढा होतो. म्हणून तुझी सगळी तपासणी साऊंडचेकच्या आधी उरकता येईल असं बघ, वॉल उभी राहिल्या राहिल्या एक ग्रिड टाकून कडा, रंग, उलटसुलट कॅबिनेट तपास, त्याला दहा मिनिटं लागतात. मग साऊंडचेकला ते दोघे वाजवतील तेव्हा तू नुसता ऐक, आणि जागा अशी माग की पखवाजवाल्याचे हात तुला सरळ दिसतील. बहुतेक ठिकाणी व्हिज्युअलवाल्याला वॉलच्या मागे किंवा लांब एका तंबूत बसवतात. तिथून साथ होत नाही, स्टेजच्या कडेला बसू दे म्हणून हट्ट धर.

पैशाचं तू काही विचारलं नाहीस पण सांगते, कारण नवीन मुलं हमखास फुकट करतात. संगीतवाल्यांच्या मानधनात तुझं गृहीत धरलंय का ते मित्रांना आत्ताच विचार, तीन जणांचा सेट असेल तर तीन समान भाग आणि पोस्टरवर तिसरं नाव. कंटेंट बनवायचे वेगळे, वाजवायचे वेगळे, केबल-अॅडॉप्टरचं भाडं वेगळं, असं तीन ओळींचं कोटेशन आयोजकाला पाठव. ह्याच क्लिपा नंतर कोणाच्या जाहिरातीत वापरायच्या नाहीत हेही त्यातच लिही. अर्धे आधी घे आणि उरलेले त्याच रात्री, लग्नाच्या कामाला घेतोस तसेच.